घरोघरची दप्तरे : एक दुर्लक्षित ठेव

मराठ्यांचा सुसंगत इतिहास प्रथम लिहिला गेला तो परभाषेत व परक्याच्या हातून. सातारा दरबारी कंपनी सरकारचा प्रतिनिधी राहिलेल्या जेम्स ग्रँट डफ याचा ग्रंथ १८२६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या परिश्रमांविषयी आदर बाळगूनही त्यातील उणिवा आपल्या विद्वानांस पुढे जाणवू लागल्या. परंतु केवळ अभिमानाने इतिहास दुरुस्त होत नाही. त्यास अस्सल कागद लागतो. आणि तो कागद राजवाड्यांइतकाच सामान्य गृहस्थांच्या माळ्यावर, कोनाड्यांत व पेटाऱ्यांत रुमाल बांधून पडलेला होता.

मिरजेस शिक्षकाची नोकरी करणारे वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांनी पटवर्धन सरदारांच्या घरचा पत्रव्यवहार वाचून काढला व १८९७ पासून तो ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’च्या रूपाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पाठोपाठ १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेतील पहिला खंड बाहेर पडला. १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा हा खंड हाती आल्यावर पानिपताची हकीकत बखरींच्या आख्यायिकांतून सुटून समकालीन लेखाच्या पायावर उभी राहिली. पुढे १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, ते या उद्योगास स्थायी घर मिळावे म्हणूनच. राजवाडे १९२६ साली निवर्तले. परंतु गावोगाव पायपीट करून, घरधन्यांची मनधरणी करून त्यांनी जमविलेले कागद आजही अभ्यासकांस उपयोगी पडत आहेत.

या पत्रांचे मोल कशात आहे? ती इतिहासासाठी लिहिलेली नव्हती, यातच! बखरकार धन्यास संतोष व्हावा म्हणून लिहितो. पत्र लिहिणारा मात्र घोडे थकले, खर्चास पैका नाही, धारण महाग झाली, मुलास ज्वर येतो, असे गरजेपुरते कळवितो. त्याची साक्ष निर्हेतुक असते, म्हणूनच ती विश्वसनीय ठरते.

हीच दृष्टी आपल्या ज्ञातिबांधवांनी स्वतःच्या घरातील कागदांकडे पाहताना ठेवावी, अशी आमची विनंती आहे. वतनाची सनद अथवा एखाद्या थोर पुरुषाचे हस्ताक्षर आपण काचेत मढवितो. पण वाण्याचे खाते, कर्जरोखा, लग्नाची याद, वाटणीपत्र, सासरहून माहेरी आलेले पत्र ही सारी रद्दीत जातात. वस्तुतः आपल्या पूर्वजांनी काय खाल्ले, काय ल्याले, कोणाचे देणे फेडता फेडता कोणते शेत गमावले, हे या दुसऱ्या वर्गातील कागदच सांगतात. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या व १८८६ साली फिलाडेल्फियाच्या विद्यालयातून डॉक्टर झाल्या. या दूरदेशीच्या काळात पतिपत्नींमध्ये जी पत्रे गेली आली, ती घरगुतीच होती. पण ती राहिली म्हणून काशीबाई कानिटकरांस त्यांचे चरित्र साधार लिहिता आले. ती चुलीत गेली असती तर आपणांस केवळ एक पदवी व एक अकालमृत्यू एवढेच ठाऊक राहिले असते.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलणे आम्हांस भाग आहे. ज्ञातीच्या गौरवास बाध येईल असे कागद पुष्कळ घरांत असतात. ग्रामण्याचे तंटे, पंक्तिव्यवहाराचे वाद, बहिष्काराची पत्रे, विधवेचा हिस्सा बुडविल्याच्या तक्रारी, हे सर्व त्यांत आहे. ते नष्ट करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु निवडून राखलेला इतिहास म्हणजे पुन्हा बखरच होय. ज्यांवर अन्याय झाला त्यांची पुढील पिढीत कोणी दाद घ्यावयाची, तर तिला पुरावा हाच कागद देणार आहे. जिवंत माणसांचा संकोच होत असेल तर पुडके मोहोरबंद करून वीस-पंचवीस वर्षांनी उघडण्याच्या अटीवर ठेवावे, पण ठेवावे.

कागदांचा नाश शत्रूपेक्षा अज्ञानाने अधिक होतो. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून मोडी गेली आणि जे वाचता येत नाही ते निरुपयोगी, अशी समजूत रूढ झाली. भावाभावांच्या वाटण्यांत दप्तर विभागले गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुण्यातील नदीकाठच्या घरांत पाणी शिरून होते नव्हते ते भिजले. आणि आता जुने वाडे पाडून इमारती उठत असताना माळ्यावरील गाठोडे प्रथम बाहेर फेकले जाते.

म्हणून काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. रुमाल सोडताना कागदांचा मूळ क्रम मोडू नये. जुन्या पत्रांत पुष्कळदा केवळ तिथी किंवा ‘छ’ लिहून चंद्राचा दिवस व महिना दिलेला असतो, सालाचा पत्ता नसतो. मागच्या-पुढच्या पत्रांवरूनच साल ठरवावे लागते. क्रम विसकटला की पत्र मुके होते. फाटक्या कागदास चिकटपट्टी लावू नये, टाचण्या काढून टाकाव्यात आणि प्लास्टिकचे लॅमिनेशन तर कदापि करू नये. ते पुन्हा काढता येत नाही व त्याच्या उष्णतेने कागदास अपाय होतो. ओल, ऊन, कसर व वाळवी यांपासून दूर, स्वच्छ सुती कापडात दप्तर बांधावे. मोबाइलवर छायाचित्रे अवश्य घ्यावीत, परंतु छायाचित्र झाले म्हणून अस्सल टाकू नये. घरातील वडीलधाऱ्यांस विचारून कोण कोणाचा कोण, हे प्रत्येक पुडक्यासोबत वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे. ही माहिती त्यांच्यामागे कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. घरी सांभाळणे अशक्य असल्यास पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ अशा संस्थांकडे विचारणा करावी.

नाशिक, त्र्यंबक व पंढरपूर येथील क्षेत्रोपाध्यायांनी यजमानांच्या नामावळ्या पिढ्यान् पिढ्या जपल्या, त्यांच्याकडे जाऊन आपण आपल्या पणजोबांचे नाव शोधतो. दुसऱ्याने आपल्यासाठी जे जपले त्याची आपणांस एवढी अपूर्वाई. मग आपल्याच घरचे आपण का जपू नये? या वर्षी प्रत्येक कुटुंबाने एक गाठोडे उघडावे, त्यातील कागदांची साधी यादी करावी व तिची एक प्रत संघाकडे पाठवावी. स्मरणिकेच्या पुढील अंकांत त्या याद्यांस स्थान मिळाले, तर या प्रकाशनाचे नाव खऱ्या अर्थाने सार्थ होईल.