काळ्या कातळाखालील सजीव

मराठवाड्याचा इतिहास आपण राष्ट्रकूट, यादव, बहामनी अशा क्रमानें वाचतों. त्याच्या पायाखालील कातळालाहि इतिहास आहे, हें ३० सप्टेंबर १९९३ रोजीं फार भयंकर रीतीनें कळलें. गणेशविसर्जनाहून परतलेलीं माणसें झोंपेंत असतां, पहांटे चारच्या सुमारास किल्लारीची भूमि हादरली. दगडमातीचीं घरें कोसळलीं आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारें दहा हजार माणसें प्राणास मुकलीं. दख्खनचें पठार अचल आहे, ही पूर्वींची समजूतहि त्याच ढिगाऱ्यांत गाडली गेली.

आमच्याकडे विंधनविहीर म्हटली कीं ती पाण्यासाठीं! किल्लारीस मात्र भूकंपाचें कारण शोधण्यासाठीं ६१७ मीटर खोल विंधन झालें. वर ३३८ मीटर काळा बेसॉल्ट, मग ८ मीटर गाळाचा थर आणि त्याखालीं सुमारें अडीचशे कोटि वर्षांचा स्फटिकमय पाया. नांदेडकडील वाचकांस तो अगदींच परका नाहीं. देगलूर-बिलोलीच्या बाजूस काळा कातळ संपून तशाच जातीचा प्राचीन ग्रॅनाइट उघडा पडतो.

असा पाया निर्जीवच असणार, असें कोणीहि म्हणेल. परंतु १९२६ सालींच शिकागोचे भूशास्त्रज्ञ एड्सन बॅस्टिन यांनीं तेलविहिरींच्या खोल पाण्यांत जीवाणू असल्याचें दाखविलें होतें. ते वरून शिरले असावेत, असा आक्षेप तेव्हां निघाला. १९९५ त स्टीव्हन्स व मॅकिन्ली या अमेरिकन संशोधकांनीं कोलंबिया नदीच्या खोऱ्यांतील, म्हणजे आपल्यासारख्याच, बेसॉल्टाविषयीं एक धीट सिद्धांत मांडला: खडकांतील लोह व पाणी यांच्या प्रक्रियेंतून हायड्रोजन निघतो आणि त्यावर जीवाणूंचा निर्वाह सूर्यावांचून चालतो. इतका हायड्रोजन खरोखर निघतो काय, यावर पुढें कडाक्याचा वाद झाला. ग्रॅनाइटांत दुसराहि मार्ग आहे. युरेनियम-थोरियमच्या किरणांनीं पाण्याचें विघटन होऊन हायड्रोजन मिळतो.

महाराष्ट्रांत हा शोध कोयनेस झाला, आणि तोहि भूकंपाच्याच निमित्तानें. १९६७ सालीं हादरलेल्या त्या प्रदेशांत भूकंपांच्या अभ्यासासाठीं सुमारें दीड किलोमीटर खोल विंधनें झालीं. त्यांतील बेसॉल्टांतून व त्याखालच्या ग्रॅनाइटांतून खरगपूरच्या आय.आय.टी.तील संशोधकांनीं सूक्ष्मजीवांचें जनुकद्रव्य मिळविलें. बॅस्टिनवरील जुना आक्षेप येथेंहि टाळतां येत नाहीं: विंधनाच्या द्रवाबरोबर वरचे जंतु आंत जातात, म्हणून नमुन्याची बाहेरची साल काढून गाभाच तपासावा लागतो. इतकें करून हातीं येतें तें अगदीं थोडें. तेथील जीवन इतकें काटकसरीचें आहे कीं, एका पेशीच्या दोन होण्यास शतकें लागत असावींत, असा अंदाज आहे.