यंत्राने पुन्हा विचारावे

संगणकाला हुकूम सोडणे ही प्रथम पाठांतराची विद्या होती. 1969 साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी युनिक्सची उभारणी आरंभिली. माणसाचा हुकूम वाचून तो यंत्राकडे पोचविणारी आज्ञावली म्हणजे शेल. थॉम्पसन यांच्या 1971 च्या शेलात मागे फिरण्यास ‘गोटू’ होते. तेही शेलच्या अंगचे नव्हे, बाहेरची निराळी आज्ञावली!

1979 साली स्टीफन बोर्न यांचा शेल लोकांपुढे आला. त्यात ‘व्हाइल’ आणि ‘केस’ होते. यादी दाखवावी, आकडा घ्यावा, ते काम करावे, पुन्हा यादी दाखवावी, हे चक्र आता सरळ लिहिता येऊ लागले. बोर्न यांनी ‘इफ’ उलटून ‘फी’ने मिटविले, ‘केस’ उलटून ‘एसॅक’ने. ‘डू’ मात्र ‘ओडी’ने मिटेना; ते नाव दुसऱ्या एका आज्ञावलीने आधीच बळकावले होते. मग ‘डन’ आले.

पुढे डेव्हिड कॉर्न यांच्या शेलने ‘सिलेक्ट’ दिले. ते स्वतःच क्रमांक घालते, उत्तर घेते आणि ‘ब्रेक’ येईतो विचारीत राहते. चुकीच्या आकड्याला दंड नाही, पुन्हा प्रश्न! असे मुकादम मी फार थोडे पाहिले.

हुकूम पाठ नसलेल्या कारकुनालाही यंत्र चालविता आले, हे खरे. पण यादी लिहितो कोण? तीत चारच कामे लिहिली, तर पाचवे त्याला कळणारही नाही. आणि बाहेर पडण्याचा क्रमांक ‘सिलेक्ट’ आपणहून घालीत नाही. तो लिहिणाऱ्यानेच घालावा लागतो.