बिनबुडाची चहादाणी

थ्रीडीएस मॅक्स हे सॉफ्टवेअर उघडलं की तयार आकारांची एक यादी समोर येते. ठोकळा, शंकू, गोल, नळकांडं, कडं, पिरॅमिड. सगळी शाळेतल्या भूमितीपासून ओळखीची मंडळी. आणि त्यांच्याच पंगतीत, त्यांच्याच मानाने बसलेली एक चहादाणी. पुण्यातल्या ॲनिमेशनच्या क्लासमध्ये मी पहिल्यांदा त्या बटणावर क्लिक केलं आणि माउस ओढला, तेव्हा रिकाम्या करड्या पडद्यावर फुगीर पोटाची, बाकदार तोटीची, झाकणावर गोल मूठ असलेली चहादाणी उगवली. ही इथे कशी, असं मी सरांना विचारलं. "ती असतेच," ते म्हणाले.

त्या 'असतेच'चा माग काढत गेलं की आपण अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीतल्या एका घरी पोचतो. १९७४ साली तिथल्या झेडसीएमआय या मोठ्या दुकानातून न्यूएल दांपत्याच्या घरी पांढऱ्या चिनीमातीची एक चहादाणी आली. माल जर्मनीचा, मेलिटा कंपनीचा. हे दुकान मॉर्मन पंथाचे पुढारी ब्रिगहॅम यंग यांनी १८६८ मध्ये सुरू केलेलं, आणि मॉर्मन पंथात तर चहा वर्ज्य. ज्या शहरावर या पंथाची एवढी गडद छाप आहे, तिथल्या दुकानातून चहादाणी घेणारं घर अर्थातच बाहेरून आलेलं होतं. मार्टिन न्यूएल मूळचे इंग्लंडचे. युटा विद्यापीठात ते संगणकावर चित्रं काढण्याच्या संशोधनात गुंतले होते.

पण संगणकात उतरलेल्या वस्तूंच्या वंशातलं चहादाणी हे पहिलं अपत्य नव्हे. तिच्या आधी एक चेहरा होता, एक मोटारगाडी होती आणि एक हात होता.

१९६५ साली डेव्हिड इव्हान्स आपल्या गावी परतले आणि त्यांनी युटा विद्यापीठात संगणकशास्त्राचा विभाग उभा केला. १९६८ मध्ये आयव्हन सदरलंड त्यांना येऊन मिळाले. सदरलंड यांनी एमआयटीत १९६३ सालीच स्केचपॅड हा प्रोग्राम लिहून पडद्यावर थेट रेघ ओढता येते हे दाखवून दिलं होतं. विभागाला पैसा येत होता अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पा या संस्थेकडून. कागदावर त्यात कलेचा संबंध कुठेच नव्हता. घन वस्तू पडद्यावर कशी दाखवायची, तिची मागची बाजू कशी लपवायची, तिच्यावर उजेड कसा पाडायचा, एवढेच प्रश्न होते. प्रश्न गणिताचे खरे, पण उत्तर बरोबर आलं की नाही हे शेवटी बघूनच कळायचं. आणि बघायला काहीतरी लागतं. ठोकळा बघून काय कळणार? ठोकळा चुकला तरी ठोकळाच दिसतो.

मग विभागातल्या मुलांनी बघण्यासाठी आपापल्या घरातल्या गोष्टी आणल्या. मला या साऱ्या इतिहासात सगळ्यांत जवळची वाटणारी गोष्ट हीच.

फ्रान्सहून आलेल्या आंरी गूरो यांनी पत्नी सिल्व्ही यांच्या चेहऱ्यावर बहुकोनांच्या रेघा काढल्या, त्यांचे फोटो घेतले आणि त्या कोपऱ्यांची मोजमापं संगणकात भरली. कागदाच्या घड्यांसारखा कोनाकोनांचा दिसणारा चेहरा गुळगुळीत कसा दिसेल, याची १९७१ मधली त्यांची रीत आजही गूरो शेडिंग म्हणून शिकवतात. पहिल्यांदा गुळगुळीत झाला तो सिल्व्हीचा गाल. १९७२ मध्ये सदरलंड यांच्या विद्यार्थ्यांना खरी, गुंतागुंतीची वस्तू मोजायची होती. त्यासाठी सदरलंड यांच्या पत्नी मार्शा यांची फोक्सवॅगन बीटल गाडी वापरली गेली. मुलांनी तिच्या पत्र्यावर रेघा आणि बिंदू आखले आणि एकेक बिंदू हाताने मोजला. त्याच वर्षी एड कॅटमल यांनी स्वतःच्या डाव्या हाताचा प्लास्टरचा साचा केला, त्यावर साडेतीनशेच्या आसपास बहुकोन आखले आणि फ्रेड पार्क यांच्या साथीने बोटं मिटणारा, उघडणारा, बघणाऱ्याकडे बोट दाखवणारा हात चित्रफितीत उतरवला. ती फीत आता अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत आहे.

यात एका माणसापाशी थांबलंच पाहिजे. बुई तुओंग फाँग, जन्म हनोईचा, १९४२ चा. गूरोच्या रीतीत पृष्ठभाग गुळगुळीत व्हायचा, पण त्यावरची चकाकी मात्र नीट यायची नाही. चिंचेने घासून लख्ख केलेला तांब्या खिडकीपाशी ठेवला की त्याच्या पोटावर उजेडाचा जो एक पांढरा ठिपका चमकतो आणि आपण हललो की तोही सरकतो, तो ठिपका गणितात पकडायचं काम फाँग यांनी १९७३ च्या प्रबंधात केलं. व्हिएतनामी रीतीप्रमाणे आडनाव आधी येतं, म्हणून ज्या नावाने जग ती रीत ओळखतं ते 'फाँग' हे त्यांचं घरात हाक मारायचं नाव आहे. १९७५ मध्ये कर्करोगाने ते गेले, वय अवघं ३२. पुढे दोन-तीन दशकं संगणकावरच्या बहुतेक प्रत्येक चकचकीत वस्तूवर त्यांचा तो ठिपका चमकत राहिला.

त्याच वर्षी चहादाणी संगणकात आली.

तोवर कॅटमल यांनी वक्र पृष्ठभाग थेट रंगवण्याची रीत शोधली होती. न्यूएल यांना आता गोलाईची एक चांगली वस्तू हवी होती. घरी चहा घेताना ते याबद्दल बोलले, आणि पत्नी सँड्रा यांनी समोरचाच चहाचा संच काढायला सुचवलं. न्यूएल यांनी आलेखाचा कागद घेतला आणि चहादाणी नुसती डोळ्याने बघत बाजूने रेखाटली. फूटपट्टी लावली नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मार्शाची गाडी मोजली होती, सिल्व्हीचा चेहरा मोजला होता. चहादाणी मात्र चित्रकार समोरची वस्तू काढतो तशी काढली गेली.

मग ते प्रयोगशाळेत गेले आणि रेखाटनातल्या वळणांचे बिंदू आकड्यांत उतरवले. ही वळणं बेझिए पद्धतीची. रेनो या फ्रेंच मोटार कंपनीत पिएर बेझिए यांनी गाड्यांच्या पत्र्यांचे बाक काढायला साठच्या दशकात ती रूढ केली होती. तिची युक्ती साधी आहे. रेघेची दोन टोकं जागेवर पक्की. मधले दोन बिंदू रेघेला आपल्याकडे ओढतात, पण तिला शिवत नाहीत. बिंदू थोडा सरकवला की सगळी रेघ लवते. अशा सोळा बिंदूंनी ताणलेला पृष्ठभागाचा एक तुकडा होतो, कापडाच्या ठिगळासारखा. न्यूएल यांनी अशी २८ ठिगळं जोडली: पोटाला आठ, झाकणाला आठ, काठाला चार, तोटीला चार, कानाला चार. आपण कपाच्या दांडीला कान म्हणतो, तोच शब्द इथेही शोभतो. बूड त्यांनी काढलंच नाही. मेजावर ठेवलेल्या चहादाणीचं बूड दिसतच नाही. पुढे फ्रँक क्रो यांनी चार ठिगळांचं बूड जोडलं, आणि आज सगळीकडे मिळते ती ३२ ठिगळांची, ३०६ बिंदूंची.

हीच वस्तू का टिकली? कारण तिच्यात संशोधकाला हवं ते सगळं थोडक्यात आहे. पोट बाहेर फुगलेलं. तोटी पोटाला मिळते तिथे घोड्याच्या खोगिरासारखा एकीकडून वर, एकीकडून खाली जाणारा बाक. कानातून आरपार दिसतं. तोटीची सावली तिच्याच पोटावर पडते, म्हणजे स्वतःची सावली स्वतःवर पडण्याचा अवघड प्रश्नही तिच्यात आहे. आणि तिला वेगळी नक्षी, रंग काही लागत नाही. नुसत्या राखाडी आकारातही कुणीही सांगेल, ही चहादाणी. एखाद्या नव्या रीतीत कुठे खोट असली तर ती लगेच दिसते, कारण चहादाणी कशी दिसते हे प्रत्येक डोळ्याला ठाऊक असतं.

न्यूएल यांनी आकडे स्वतःपाशी ठेवले नाहीत, इतर संशोधकांना दिले. मग चहादाणी घरोघर गेली. १९७६ मध्ये त्यांनी आणि जिम ब्लिन यांनी तिच्या पोटावर सभोवारच्या खोलीचं प्रतिबिंब उमटवून दाखवलं. याच ब्लिन यांनी एकदा प्रात्यक्षिकात आकार कसा बदलता येतो हे दाखवण्यासाठी तिला उभ्या दिशेने दाबलं. ती बसकी, गुबगुबीत चहादाणी सगळ्यांना जास्त आवडली, म्हणून तशीच जपून ठेवली. खरी चहादाणी तिच्याहून एक तृतीयांशाने उंच आहे. या निवडीमागे कुठलंही सूत्र नव्हतं. सैन्याच्या पैशावर चाललेल्या त्या खोलीत काही माणसं पडद्याकडे बघून म्हणाली, ही छान दिसते. कुंभार चाकावरच्या मडक्याला शेवटचा हात फिरवतो तेव्हा त्याच्या मनात याहून वेगळं काय असतं?

कला म्हणून कलेला तिथे दार उघडं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. १९७५ मध्ये संगणकावर रंगचित्रं काढण्याच्या ध्यासाने ॲल्व्ही रे स्मिथ युटामध्ये आले, तेव्हा संरक्षण खात्याच्या पैशात हे बसत नाही असंच त्यांच्या कानी आलं. त्यांना न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरच्या एका तंत्रसंस्थेची वाट दाखवली गेली. कॅटमल आधीच तिथे गेले होते. दारातून परतलेला आणि दाराच्या आत घडलेला असे हे दोघे एकत्र आले, आणि १९८६ मध्ये त्यांनी पिक्सार उभी केली. १९९५ च्या 'टॉय स्टोरी'त बाहुल्यांच्या चहापार्टीचा प्रसंग आहे. तिथे मेजावर कोण आहे, हे सांगायला नको. २००७ पासून युटा विद्यापीठानेच चित्रपट आणि संगणक या दोन्ही विभागांना जोडून खेळ आणि ॲनिमेशन शिकवायला घेतलं. सँड्रा यांच्या मेजावर जे एका संध्याकाळी झालं, त्याला अभ्यासक्रमाचं रूप यायला तीस-बत्तीस वर्षं लागली.

या वंशवेलीची एक फांदी आपल्या अंगणापर्यंत येते. युटामधूनच पीएचडी झालेले जॉन वॉर्नॉक आणि मार्टिन न्यूएल पुढे झेरॉक्स कंपनीच्या पार्क या प्रयोगशाळेत एकत्र होते. तिथे त्यांनी पानाची मांडणी सांगणारी एक भाषा रचली, नाव जॅम, म्हणजे जॉन आणि मार्टिन. वॉर्नॉक यांनी १९८२ मध्ये अडोबी काढली आणि जॅमच्या पायावर पोस्टस्क्रिप्ट आली. तिने छापायच्या अक्षरांच्या कडा त्याच बेझिए वळणांनी काढल्या. आज देवनागरीचा कुठलाही फॉन्ट उघडून 'ळ' मोठा करून बघा. दोन्ही गोलांच्या कडेने बारीक बिंदू दिसतील, रेघेला न शिवता आपल्याकडे ओढणारे. बोरूने एका दमात काढायचं वळण आता त्या बिंदूंवर तोललेलं असतं. हा लेख ज्या अक्षरांत तुम्ही वाचता आहात, ती आणि ती तोटी, दोन्हींची घडण एकच.

खरी चहादाणी १९८४ मध्ये बॉस्टनच्या संगणक संग्रहालयाला दिली गेली. आता ती कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूच्या संग्रहालयात आहे. न्यूएल यांनी त्या दिवसांत नुसती चहादाणी नव्हे, जोडीचा कप आणि चमचाही ठिगळांत उतरवला होता. त्यांचे आकडेही मिळतात, पण त्यांना कुणी फारसं विचारत नाही. मागच्या पावसाळ्यात एका रात्री मी तिन्हींचे आकडे घरच्या संगणकात भरले. दाबलेली नव्हे, मूळ उंचीची चहादाणी, तिच्याशेजारी कप, कपात चमचा. बूड लावलं नाही. मग कॅमेरा मेजाच्या खाली नेला आणि वर वळवला. आतून चहादाणी मंद उजळलेली होती.