१९४८ सालच्या तीन तारखा आणि पूर्णा जंक्शन

१/ एप्रिल २००८ मध्ये अमेरिकेतील पीबीएस वाहिनीवर ‘सिक अराउंड द वर्ल्ड’ हा माहितीपट दाखवला गेला. ब्रिटन, जपान, जर्मनी, तैवान आणि स्वित्झर्लंड या पाच देशांत हिंडून पत्रकार टी. आर. रीड एका गोष्टीचा शोध घेतात : आजारी माणसाच्या उपचाराचा खर्च कोण उचलतो?

२/ परभणी जिल्ह्यातील पूर्णा जंक्शनवर उभे राहून हाच शोध घेतला, तर पाच देश फिरावे लागत नाहीत. यातल्या निरनिराळ्या व्यवस्था या एका गावाच्या घराघरांत शेजारी शेजारी नांदतात. त्या तिथवर कशा पोहोचल्या, त्याचा हा धागा. 🧵

३/ सुरुवात १८८३ च्या जर्मनीत. चॅन्सेलर बिस्मार्कने कामगारांसाठी सक्तीचा आजारपण विमा आणला. वर्गणीचा दोन तृतीयांश वाटा कामगाराचा, एक तृतीयांश मालकाचा. समाजवाद्यांकडे झुकणारा कामगार राज्याशी बांधला जावा, हा त्यामागचा राजकीय हिशेब होता.

४/ दुसरी वाट ब्रिटनची. १९४२ च्या बेव्हरिज अहवालाने पाया घातला आणि ५ जुलै १९४८ रोजी ‘राष्ट्रीय आरोग्य सेवा’ सुरू झाली. रुग्णालये सरकारची, खर्च मुख्यतः करांतून, आणि रुग्णाला उपचाराच्या वेळी बिल नाही.

५/ हे दोन्ही विचार महायुद्धाच्या काळातच हिंदुस्थानात पोहोचले होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे असताना, १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्यावर कामगार विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला.

६/ त्याच १९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य समिती नेमली गेली. भोर जन्माने नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. १९४६ च्या त्यांच्या अहवालाचे सार असे : पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये.

७/ या समितीचे दीर्घकालीन स्वप्न आजही थक्क करते. दर १० ते २० हजार लोकांमागे ७५ खाटांचे एक रुग्णालय! अर्थात समितीची कार्यकक्षा ब्रिटिश हिंदुस्थानापुरती होती. निजामाच्या हैदराबाद संस्थानातले पूर्णा त्या नकाशाबाहेरच राहिले.

८/ मग आले १९४८. १९ एप्रिलला कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. ५ जुलैला ब्रिटनची आरोग्य सेवा सुरू झाली. १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान भारतात आले आणि पूर्णा स्वतंत्र भारताचा भाग झाले. तिन्ही तारखांमध्ये जेमतेम पाच महिन्यांचे अंतर.

९/ आता गावाकडे वळू. निजामाच्या रेल्वेने पूर्णेला जंक्शन केले. पुढे ती भारतीय रेल्वेत विलीन झाली. रेल्वे कर्मचाऱ्याचे दवाखाने रेल्वेचे, डॉक्टर रेल्वेच्या पगारावर आणि कुटुंबालाही उपचार. म्हणजे छोटे ब्रिटनच!

१०/ याच गावातला मुलगा वाळूजच्या कारखान्यात लागला, पगार ठरलेल्या मर्यादेत असला, की तो ‘जर्मनीत’ जातो. २०१९ पासून त्याच्या वेतनाचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के राज्य विम्यात जमा होतात. बिस्मार्कचा वाटा इथे उलटला आहे : मोठा भार मालकावर.

११/ आणि शेतकरी? शेतमजूर? त्यांच्या नावाने वर्गणी भरायला मालक नाही, पाठीशी रेल्वे नाही. भोर समितीने विम्यापेक्षा करांतून चालणारी सेवा श्रेयस्कर मानली, ती मुख्यतः याच माणसाचा विचार करून. मात्र गावोगावची ती रुग्णालये झाली नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रे आली, तरी मोठ्या दुखण्याला सावकार किंवा जमीन हाच ‘विमा’ राहिला.

१२/ जुलै २०१२ मध्ये राज्याने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली. त्यांत नांदेड होते, परभणी नव्हते. पूर्णेहून नांदेड रेल्वेने साधारण ३० किलोमीटर. उपचारांना नांदेड गाठणाऱ्या पूर्णेच्या शेतकऱ्याला रुग्णालय जवळ होते, योजना मात्र जिल्ह्याच्या सीमेपाशी थांबली होती.

१३/ ही सीमा नोव्हेंबर २०१३ मध्ये पुसली गेली आणि योजना राज्यभर पोहोचली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. पण जर्मन विम्यात साध्या तापासाठी डॉक्टरकडे जाणेही बसते. इथे संरक्षण आहे ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या, यादीतल्या उपचारांना. मधुमेहाची रोजची गोळी बहुधा खिशातूनच येते.

१४/ १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. भोरांनी १९४६ मध्ये मांडलेले अर्धे तत्त्व ७७ वर्षांनी कागदावर आले. उरलेले अर्धे म्हणजे दर १० ते २० हजार लोकांमागच्या त्या ७५ खाटा.

१५/ पूर्णेच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या तीन माणसांना एकच आजार होऊ शकतो. त्यांच्या उपचारांची वाट मात्र आजही नोकरीच्या कागदावरून ठरते. रीड यांना ज्या फरकांसाठी पाच देश फिरावे लागले, ते इथे एका बाकावर शेजारी बसलेले असतात.

(समाप्त)