१६ जानेवारी : बाबूराव पेंटर स्मृतिदिन

वास्तववादी सिनेमा म्हटला की इटलीच्या व्हित्तोरिओ डी सिका यांचा ‘बायसिकल थीव्ज’ (१९४८) आठवतो. त्याच्या २३ वर्षे आधी, १९२५ मध्ये, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी ‘सावकारी पाश’ पडद्यावर आणला होता. कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणारा तरुण शेतकरी त्यात व्ही. शांताराम यांनी साकारला. कथा नारायण हरी आपटे यांची. पौराणिक मूकपटांच्या त्या काळात कुळाचे दुःख मांडणे ही मोठी हिंमत होती.

३ जून १८९० रोजी जन्मलेले बाबूराव मूळचे चित्रकार. कॅमेराही त्यांनी स्वतःच्या कार्यशाळेत घडवला. त्यांच्या ‘सिंहगड’ (१९२३) या मूकपटाशी पोलादपूर-पाचाड भागाचे नाते जवळचे आहे. त्याचे नायक तानाजी मालुसरे यांची समाधी पोलादपूर तालुक्यातील उमरठला आहे, तर ज्यांच्या इच्छेखातर कोंढाणा घेतल्याचे सांगतात त्या जिजाऊंची समाधी पाचाडला.

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव निवर्तले. मूळ ‘सावकारी पाश’ची प्रत आज उपलब्ध नाही, तरीही भारतीय वास्तववादी चित्रपटाच्या इतिहासात पहिला मान त्यालाच द्यावा लागतो.