‘उकळलेलं चामडं’ खरंच उकळलेलं होतं का?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझा सेमिनार होता. विषय : मध्ययुगीन युरोपातली चामड्याची चिलखतं. रसायनशास्त्रात एमएस्सी करून मी तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे वळले होते, त्यामुळे प्रयोगानं एक जुना वाद मिटवू, असा जरा जास्तच आत्मविश्वास होता.

आधी वाद सांगते. त्या काळातल्या युरोपात कडक, साच्यात घडवलेल्या चामड्याला फ्रेंचमध्ये ‘क्वीर बुयी’ म्हणत. शब्दशः अर्थ ‘उकळलेलं चामडं’. त्यापासून चिलखतं, पेट्या, म्यानं बनत. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधल्या सर थोपासच्या पायांवरही हेच चामडं आहे. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानं १२७८ मध्ये विंडसरला सरदारांचे सामने भरवले, त्याच्या हिशेबांत ३८ जणांसाठी चामड्याची चिलखतं खरेदी केल्याची नोंद आहे. पण ती बनवायची कशी, याची खात्रीची कृती हाती नाही. काही अभ्यासक म्हणतात चामडं उकळत्या पाण्यात बुडवत. काही म्हणतात वितळलेल्या मेणात. काहींच्या मते नुसतं कोमट पाण्यात भिजवून साच्यावर वाळवत.

मी काय केलं? घरात एक जुनं लेदर जॅकेट होतं. ‘गरम पाण्यात घातलं की जॅकेट आकसून अंगाबरोबर बसतं’ हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. त्याच्या बाहीची पट्टी कापली आणि जवळजवळ उकळत्या पाण्यात धरली. वाळल्यावर ती थोडी ताठरली, रंग गेला, पण आकसली म्हणावं असं काहीच नाही. झालं! ‘उकळून चामडं घडत नाही’ अशी स्लाइड तयार.

गाईड मॅडमनी स्लाइड पाहिली आणि एकच प्रश्न विचारला : “हे चामडं कमावलंय कशानं?”

“क्रोमनं असेल, मॅडम.”

“मग तेराव्या शतकात क्रोम होतं का गं?”

नव्हतं. क्रोमनं चामडं कमावायचं ऑगस्टस शुल्झचं अमेरिकन पेटंट १८८४ चं. त्यानंतर ही पद्धत कारखान्यांत पसरली आणि आज बाजारातली बहुतेक जॅकेटं क्रोमचीच असतात. म्हणजे मी मध्ययुगाला विचारायचा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आलेल्या मालाला विचारत होते.

यामागचं विज्ञान सोपं आहे. चामडं म्हणजे मुख्यतः कोलॅजन. त्याचा रेणू तिपेडी वेणीसारखा असतो. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४-५५ मध्ये ही रचना मांडली. वेणीचे पेड हायड्रोजन बंधांनी बांधलेले असतात. ओल्या चामड्याला ठरावीक तापमानापलीकडे तापवलं की हे बंध सुटतात, वेणी विस्कटते आणि धागा आखडतो. याला आकुंचन तापमान म्हणतात. कच्च्या कातड्याचं ते साधारण ६०-६५ अंश सेल्सिअस, झाडांच्या सालीनं कमावलेल्याचं ७० ते ८५, आणि चांगल्या क्रोम चामड्याचं १०० च्याही वर. माझी पट्टी का आकसली नाही, ते आता कळलं असेल.

मग कोल्हापूरहून चपलांच्या चामड्याचे तुकडे मागवले. ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं. ९० अंशांच्या पाण्यात मिनिटभरात तुकडा वळला, जाड झाला, लांबी जवळपास दोन तृतीयांशावर आली. वाळल्यावर लाकडासारखा टणक, पण वाकवलं तर तडकणारा. दुसरा तुकडा कोमट पाण्यात भिजवून वाटीवर ताणून वाळवला. तो आकसला नाही, पण वाटीचा आकार त्यानं धरून ठेवला.

म्हणजे उकळणारे बरोबर ठरले? तीच पुढची चूक मी करणार होते. प्रयोग काय शक्य आहे ते सांगतो. प्रत्यक्षात काय केलं गेलं ते सांगत नाही. त्यासाठी वस्तूंकडेच परत जावं लागतं. ब्रिटिश म्युझियममध्ये चौदाव्या शतकातलं चामड्याचं एक दंडत्राण आहे, त्यावर उठावाची नक्षी आहे. नक्षी आधी काढून मग उकळलं असतं तर ती वेडीवाकडी झाली असती. उकळून टणक झालेल्या चामड्यावर इतकी बारीक नक्षी उठवणं अवघड. अशा वस्तूंसाठी तरी कोमट पाणी आणि साचा हेच जास्त पटतं. साध्या, जाड पत्र्यांसाठी गरम पाणी वापरलं असेलही. एका नावाखाली दोन-तीन कृती असू शकतात, आणि ‘उकळलेलं’ हा शब्द कृतीचं अचूक वर्णन असेलच असं नाही.

संशोधनाला सुरुवात करताय ना? मग प्रयोगाचा निकाल लिहिण्याआधी नमुन्याचा इतिहास लिहा : तो कुठला, कशाचा, कधीच्या पद्धतीचा. माझ्या वहीत पहिल्या पट्टीपुढे फक्त ‘लेदर’ एवढंच लिहिलेलं होतं. सेमिनारला मी ती पट्टी तशीच दाखवली, आणि शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं.