तुटलेल्या बोटांचे संगीत

सीमाभागातल्या दिवाळी अंकात इतिहासावर लिहायचे म्हटले की १९५६ साल, महाजन अहवाल आणि १९८६ चे कन्नडसक्तीविरोधी आंदोलन हे विषय ठरलेले. त्यांवर अधिकाराने लिहिणारे पुष्कळ आहेत. मी आज लिहिणार आहे ते एका ध्वनिमुद्रिकेविषयी. ती ना मराठी, ना कानडी. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहरातल्या चार कामगार पोरांनी ती १९७० साली काढली. त्यांच्या चमूचे नाव ‘ब्लॅक सॅबथ’ आणि तबकडीचे नाव ‘पॅरानॉइड’. हेवी मेटल नावाचा जो दणदणाटी प्रकार पुढे जगभर पसरला, त्याच्या पायाच्या दगडांत ही तबकडी मोजली जाते.

ऐंशीच्या दशकात ती आमच्या निपाणीच्या घरात आली ती कॅसेटच्या रूपाने. आणणारा माझा मित्र कानडी शाळेतला. त्याचा थोरला भाऊ बेळगावला शिकायला होता. त्याने कुणाकडून तरी भरून आणलेली. कॅसेट ९० मिनिटांची, म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटे. ‘पॅरानॉइड’ जेमतेम ४२ मिनिटांची. ती एका बाजूवर नेमकी बसली. दुसऱ्या बाजूवर त्याच्या वडिलांनी आधीच भीमसेन जोशींचे अभंग भरून ठेवले होते. गदगचा कानडी माणूस मराठी अभंग गातो, आणि कॅसेट उलटली की बर्मिंगहॅमचा कारखाना सुरू होतो! आम्हां दोघांना इंग्रजी सारखेच कमी येत होते. त्यामुळे त्या खोलीत भाषेवरून कुणी वरचढ नव्हता, ही गोष्ट त्या दिवसांत लहान नव्हती.

या संगीताचा जन्म कसा झाला, ते पुढे वाचनात आले. टोनी आयोमी हा त्यांचा गिटारवादक. सतरा वर्षांचा असताना तो पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. गाण्याच्या दौऱ्यावर जायचे म्हणून त्याने काम सोडले. शेवटच्या दिवशी दुपारी जेवायला घरी आला आणि आता परत जात नाही म्हणाला. आई म्हणाली, काम पुरे करून ये. तो गेला. त्या दिवशी यंत्रावरची बाई आली नव्हती, म्हणून तिच्या जागी याला उभे केले. यंत्र खाली आले आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच.

डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितले. कारखान्याच्या व्यवस्थापकाने मात्र त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची तबकडी ऐकवली. आगीत भाजल्यामुळे जँगोची दोन बोटे निकामी झाली होती आणि उरलेल्या बोटांवर तो जगप्रसिद्ध झाला होता. आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिची टोपणे करून बोटांवर बसवली आणि वर चामडे चिकटवले. बोटांना दुखू नये म्हणून तारा बारीक घेतल्या. साध्या, दोन-दोन सुरांच्या जुळण्या त्याला सोप्या पडत. त्यांचाच त्याने जाडजूड, जड आवाज केला. १९७१ च्या पुढच्या तबकडीत त्याने ताराही खालच्या सुरात सैल केल्या.

ही हकीकत मी एकदा आत्याला सांगितली. आत्या बिड्या वळायची. पाला कापायचा, तंबाखू भरायची, वळायचे, दोरा गुंडाळायचा, हे सगळे बोटांवर. आणि संध्याकाळी मोजदादीला छाट निघाली तेवढी मजुरी गेली. कॅसेट लागली की ती म्हणे, “काय रं ह्यो दंगा?” त्या दिवशी मात्र सुपातला हात थांबला. “बोटं गेल्यावर वाजिवतोय कसा?” मी टोपणांचे सांगितले. ती आपल्या बोटांकडे बघत म्हणाली, “मग वाजवू दे. आवाज तेवढा बारीक कर.”

या तबकडीचे नाव आधी ‘वॉर पिग्ज’ ठरले होते. ते तिच्यातल्या पहिल्याच गाण्याचे नाव. व्हिएतनामचे युद्ध चालू होते; लढाई ठरवणारे सुरक्षित आणि मरणारी गरिबांची पोरे, असा त्या गाण्याचा रोख. कंपनीने नाव बदलले, पण मुखपृष्ठ तेच राहिले. म्हणून त्यावर ढाल-तलवार घेतलेला माणूस दिसतो, ज्याचा ‘पॅरानॉइड’शी काही संबंध नाही. ज्या गाण्यावरून नवे नाव आले, ते तर जागा भरायला घाईने रचलेले. त्या काळच्या समीक्षकांनी नाके मुरडली, पण तबकडी इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेली. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. आमच्या भागातल्या कित्येक घरांच्या भिंतीवर गणवेशातला फोटो असतो, काहींवर हारही असतो. शब्द कळू लागले तेव्हा ते गाणे आम्हांला परक्या देशाचे वाटले नाही.

५ जुलै २०२५ रोजी हे चौघे ॲस्टन या आपल्या जुन्या वस्तीतल्या व्हिला पार्क मैदानावर अखेरचे एकत्र आले. गायक ऑझी ऑस्बर्न कधी काळी कत्तलखान्यात राबलेला, मोटारींचे भोंगे जुळवणारा. पार्किन्सनच्या आजारामुळे तो सिंहासनावर बसून गायला. १७ दिवसांनी, २२ जुलैला, तो गेला. त्या रात्री माझ्या कानडी मित्राचा बेंगळुरूहून फोन आला. आम्ही नेहमीप्रमाणे तो कानडीत, मी मराठीत असे बोललो. शेवटी त्याने विचारले, “ती कॅसेट आहे का रे?”

आहे. फीत ताणली गेली आहे, गाणी मध्येच लडबडतात. अभंगांची बाजू मात्र अजून बरी वाजते; आत्या होती तोवर तीच जास्त लागायची.